आठ पायऱ्या आणि उणे दीड फूट

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तुमी काय करता जी?" घरांचे नकाशे काढते म्हटलं की ती मला इंजिनिअर समजते. मी इंजिनिअर नाही. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली बाई आहे, आणि त्या शब्दाचं स्त्रीलिंग काय हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. गोंदियात एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. इंजिनिअर साहेब घर कसं असावं ते ठरवतात, मी ते कॉम्प्युटरात उभं करते.

भिंती काढायला फारसं डोकं लागत नाही. डोकं लागतं ते उंच्या भरायला. कॉम्प्युटर विचारतो, हा मजला कुठून सुरू होतो आणि किती उंच आहे? मग सांगावं लागतं, तळमजल्याची फरशी इतकी वर, त्यावर भिंत इतकी, स्लॅब इतका जाड, आणि मग पहिला मजला. प्रत्येक मजल्याचा एक थर असतो, त्याला आम्ही लेयर म्हणतो. पारदर्शक कागद एकावर एक रचून ठेवावेत तसे हे लेयर असतात. जमिनीचा एक, जोत्याचा एक, मग मजले, शेवटी गच्ची. खालचा एक आकडा बदलला की वरचं सगळं घर निमूटपणे वर सरकतं, एक वीटही न हलवता.

आणि हे सगळं मोजायचं ते शून्यापासून. शून्य कुठे आहे हे कॉम्प्युटरला माहीत नसतं. ते मी ठरवते. बहुतेक वेळा घराच्या फाटकासमोरचा रस्ता म्हणजे शून्य. त्याच्या वर ते अधिक, त्याच्या खाली ते उणे.

लेयर बंदही करता येतात. एकदा कामठ्याचे एक शेतकरी त्यांचं घर पाहायला आले होते. मला स्लॅबच्या कडा नीट पाहायच्या होत्या, म्हणून मी जमिनीचा आणि जोत्याचा लेयर बंद करून ठेवला होता. पडद्यावर घर हवेत तरंगत होतं. ते बराच वेळ पाहत राहिले. मग खाली वाकून टेबलाखालीही पाहिलं.

"मॅडम, हे कायच्यावर उभं हाय?"

"जमिनीवरच आहे, काका. जमीन फक्त बंद केली आहे."

"जमीन बंद केली?"

"हो, आत्ता चालू करते."

"आधी जमीन आना. मंग बोलू."

जमीन आणली, तेव्हा कुठे ते खुर्चीवर टेकले. जाताना बायकोला फोनवर सांगत होते, "नाई नाई, सगळं बराबर हाय. थोडा वेळ जमीन नोती, बाकी घर चांगलं हाय."

असे प्रसंग पुष्कळ. पण या धंद्यात मला खरोखर हैराण केलं ते फुलचूरच्या पटले बंधूंच्या घरानं. आडनाव पटले, आणि दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. थोरले टेकचंदजी रेल्वेतून निवृत्त झालेले. अंगात अजून नोकरी होती, बसायचे तेही ताठ. धाकटे भाऊलालजी, त्यांचं शेतीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. फुलचूरला वडिलांच्या नावाचा प्लॉट होता. त्यावर जोडघर बांधायचं ठरलं, म्हणजे मधली भिंत एक, स्लॅब एक, नकाशा एक, दारं मात्र दोन. एका बाजूला थोरले, दुसऱ्या बाजूला धाकटे.

पहिल्या दिवशी दोघं सोबत आले आणि माझ्या बाकड्याच्या दोन टोकांना बसले. मध्ये तीन माणसं आरामात बसली असती. त्या दोघांच्या बायका, शकुनबाई आणि रेखाबाई, खुर्च्या ओढून एकमेकींना खेटून बसल्या. भावांचं जितकं नव्हतं तितकं या जावांचं मेतकूट जमलं होतं. त्यांची मागणी एकच, दोन्ही स्वयंपाकघरांमधल्या भिंतीत एक दार पाहिजे.

"आन् उंबरठा नको," शकुनबाई म्हणाल्या. "माहे गुडघे दुखतेत. ताट घेऊन इकून तिकडं सरकता आलं पाहिजे."

मी घर काढलं. थोरल्यांच्या फाटकासमोरचा रस्ता शून्य धरला. फरशी सगळीकडे अडीच फूट वर. घर दिसायला देखणं झालं होतं. पडद्यावर फिरवून दाखवलं, तर भाऊलालजींनी चहा मागवला, म्हणजे काम पसंत. टेकचंदजी मात्र पडद्यापाशी वाकले आणि बोट ठेवून मोजू लागले.

"माह्या दाराले पायऱ्या किती?"

"पाच."

"आन् याच्या?"

मला तोवर धोका कळला नव्हता. मी सरळ सांगितलं, "आठ."

गोष्ट अशी होती की तो रस्ता उताराचा. थोरल्यांच्या फाटकापासून धाकट्यांच्या फाटकापर्यंत तो दीड फूट खाली जातो. आतली फरशी एका पातळीत ठेवली की बाहेरून धाकट्यांना तीन पायऱ्या जास्त चढाव्या लागणार. यात माझं काही नव्हतं, इंजिनिअर साहेबांचं नव्हतं, भाऊलालजींचंही नव्हतं. तो जमिनीचा स्वभाव होता.

"लहान्याच्या घराले आठ आन् मोठ्याच्या घराले पाच?" टेकचंदजी म्हणाले. "लोक काय म्हनतीन?"

"लोक पायऱ्या मोजत नाहीत हो."

"मी मोजतो ना. म्हंजे लोकबी मोजतेत."

दुसऱ्या दिवशी ते एकटे आले. म्हणाले, "सीधी बात हाय मॅडम. माहा हिस्सा दीड फूट उचला. बराबर आठ होते." मी उचलला. आता त्यांची फरशी चार फुटांवर गेली, पायऱ्या आठ झाल्या, दोघांची बरोबरी झाली. ते खूश होऊन गेले.

त्यांची पाठ वळते न वळते तोच भाऊलालजी आले. कोणी सांगितलं कोण जाणे. त्यांना पायऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ते गच्ची पाहत होते.

"त्याचा स्लॅब माह्या स्लॅबाच्या वर काऊन जाऊन राहिला?"

"फरशी वर गेली, म्हणून स्लॅबही गेला."

"म्हंजे तो वरून माह्या गच्चीत पाहीन? माह्या वाळत घातलेल्या कपड्यायकडं?"

"फक्त दीड फूट आहे, भाऊ."

"पाहाले दीड फूट लय होते जी. मलेबी उचला."

मी त्यांनाही दीड फूट उचललं. स्लॅब एका पातळीत आला. आणि अर्थातच त्यांच्या पायऱ्या अकरा झाल्या.

इथे वाचकाच्या लक्षात आलं असेल. थोरले मोजत होते बाहेरून, धाकटे मोजत होते आतून. आत बरोबर केलं की बाहेर तीन पायऱ्यांचा फरक, बाहेर बरोबर केलं की आत दीड फुटाचा. दोघांचं एकाच वेळी बरोबर होणं शक्य नव्हतं, कारण मधे रस्त्याचा उतार होता आणि तो काही माझ्या ऑफिसात येऊन बसत नव्हता. मी हे दोघांनाही समजावून सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. थोरले म्हणाले, "ते ठीक हाय, पन माह्या अकरा करा." धाकटे म्हणाले, "समजलं मले. मंग मले उचला."

तर ते घर वाढत गेलं. कॉम्प्युटरचा एक मोठा दोष असा की तो कशालाच नाही म्हणत नाही. साध्या मिस्त्रीनं थापी खाली ठेवली असती. कॉम्प्युटर मात्र मी सांगेन तो आकडा मुकाट्यानं घेत होता. मुळात असल्या प्रोग्रामची समजूत अशी असते की एका घराचा तळमजला एकाच उंचीवर असतो. बिचाऱ्याला काय माहीत? मी त्याला फसवून दोन तळमजले तयार केले. एका लेयरला नाव दिलं 'तळ-थोरले', दुसऱ्याला 'तळ-धाकटे'. आळीपाळीनं दोघांचे आकडे वाढवत गेले. एक आला की दुसरा येणार हे मला कळू लागलं होतं. मी चहावाल्याला आधीच सांगून ठेवत असे.

काही दिवसांनी पायऱ्या फाटकाबाहेर गेल्या. मग रस्ता ओलांडू लागल्या. समोरच्या प्लॉटमध्ये कोणाची तरी तूर उभी होती, त्या तुरीत पहिली पायरी टेकली. ठेकेदाराला मी जोत्याची उंची फोनवर सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, एवढा मुरूम भराले टेकडी विकत घ्या लागते. एक काम करा, त्यायले टेकडीवरच प्लॉट घ्याले सांगा."

आणि ते दार! जावांनी मागितलेलं स्वयंपाकघरातलं दार मी इमानेइतबारे दोन्हीकडे ठेवत होते. थोरल्यांची पाळी झाली की ते त्यांच्या बाजूला फरशीवर असायचं आणि धाकट्यांच्या बाजूला ओट्याच्या निम्म्या उंचीवर उघडायचं. शकुनबाई दार उघडून पाऊल टाकतील तर ते थेट रेखाबाईंच्या गॅसच्या सिलिंडरवर. मी ते दार किती वेळा काढून टाकायला निघाले होते. बोट त्या बटणापर्यंत जायचं आणि परत यायचं.

एका दुपारी जे व्हायचं ते झालं. थोरले आत बसलेले असताना धाकटे जिना चढून आले. पडद्यावर त्या क्षणी थोरल्यांचं घर वर होतं.

"हे काय चालू हाय?"

"तूच आधी केलं," थोरले म्हणाले.

मग दोघं पोवारीत, त्यांच्या घरच्या बोलीत, भांडू लागले. मला कळू नये म्हणून बहुधा. मला पोवारी चांगली कळते, माझ्या शाळेतल्या अर्ध्या मैत्रिणी पोवार होत्या. त्यातलं बरंचसं इथं लिहिण्यासारखं नाही. लहानपणी कोणी कोणाला विहिरीत ढकललं होतं, आईनं तुपाची धार कोणाच्या ताटात जास्त धरली होती, इथपर्यंत ते गेले. घराचा विषय कुठल्या कुठे राहिला. शेवटी टेकचंदजी उठले, पडद्याकडे हात करून मला मराठीत म्हणाले, "मॅडम, हे मिटवून टाका. मी माहा हिस्सा विकतो. दारूचा दुकानवाला मागून राहिला, त्यालेच देतो. मंग बस म्हना आठ पायऱ्या चढून."

ते निघून गेले. भाऊलालजी जागेवरच उभे होते. "विकन का तो खरंच?" असं त्यांनी मला विचारलं, जणू मला माहीत असणार. मग तेही गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाईट वाटलं. तोवर मी हे सगळं घरी जाऊन हसत सांगत होते.

दोनेक दिवसांत जावा आल्या. स्कूटीवर डबलसीट, रेखाबाई पुढे, शकुनबाई मागे. शकुनबाईंना माझा जिना चढायला वेळ लागला. आल्या आल्या म्हणाल्या, "दार हाय का अजून?"

"आहे," मी म्हटलं, आणि दाखवलं. दार रेखाबाईंच्या बाजूला हवेत लोंबत होतं. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग रेखाबाईंना हसू आलं.

"बाई, तुमी शिडी लावून येसाल माह्या घरी?"

"तू झेलजो मले," शकुनबाई म्हणाल्या.

त्या हसल्या तशी मीही हसले. मी सगळे आकडे परत अडीच फुटांवर आणले, जसे पहिल्या दिवशी होते. घर झपकन खाली बसलं. दार जागेवर आलं.

"आता बराबर," शकुनबाई म्हणाल्या. "आता हे यायले कसं पटवाचं? यायले आठच पाहिजेत."

"आठ पाहिजेत तं खड्डा खोदा म्हना," रेखाबाई म्हणाल्या. "अंगन खाली करा. खाली उतरा, मंग चढा आठ. मोजत बसा म्हना दिवसभर."

त्यावर आम्ही तिघी इतक्या हसलो की खालचा झेरॉक्सवाला वर येऊन पाहून गेला. हसता हसता मी जमिनीचा लेयर उघडला, थोरल्यांच्या अंगणाचा तुकडा वेगळा केला आणि त्याची उंची टाकली, उणे दीड फूट. अंगण खाली गेलं. घर जागच्या जागी राहिलं. दारापुढे आठ पायऱ्या उभ्या राहिल्या.

आमचं हसणं थांबलं. तिघीही पडद्याकडे पाहत होतो. फरशी एका पातळीत, स्लॅब एका पातळीत, दार जागेवर, पायऱ्या इकडे आठ, तिकडे आठ. अडचण इतकीच की रस्त्यावरून फाटकात शिरलं की आधी तीन पायऱ्या उतरून खड्ड्यात जायचं आणि मग आठ चढायच्या.

"हे टेकचंदजींना मंजूर होईल का?" मी विचारलं.

"तुमी फक्त आठ दाखवा," शकुनबाई म्हणाल्या. "बाकी मी पाहातो."

टेकचंदजी आले तेव्हा मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. आधी तीन उतराव्या लागतील, हे सांगितलं. त्यांनी विचार केला. "उतरनं कोन मोजते?" म्हणाले. "मान्साले चढनं दिसते."

पाण्याचंही मी सांगितलं. खोल अंगणात पाऊस साचणार. त्यावर सोपा उपाय होता. धाकट्यांचं अंगण मुळातच त्या पातळीला आहे, तर दोन अंगणांमधल्या कंपाउंडला तळाशी एक भोक ठेवायचं, पाणी आपोआप तिकडून रस्त्यावर जाईल. नकाशात मी ते भोक दाखवलंही होतं. टेकचंदजी म्हणाले, "माहं पानी लहान्याच्या दारातून जाईन? कदापि नाई." संध्याकाळी भाऊलालजी म्हणाले, "त्याचं पानी माह्या अंगनात? बंद करा ते भोक." त्या संपूर्ण घरात दोघा भावांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. भोक बंद झालं. भाऊलालजींना स्लॅब बरोबर मिळाला होता, दादाच्या पायऱ्या किती हे त्यांनी विचारलंही नाही. दारूच्या दुकानवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

घर बांधलं गेलं. खोदकाम चालू असताना शेजारी येऊन विचारत, विहीर खोदून राहिले का? वास्तूच्या जेवणाला मीही गेले होते. टेकचंदजी दाराशी वर उभे होते, पांढरा सफारी घालून. प्रत्येक पाहुणा फाटकातून खाली उतरे, थोडा गोंधळे, मग चढू लागे. तो वर पोचला की टेकचंदजी हात जोडून म्हणत, "आठ हायत." मी पोचले तेव्हा मलाही म्हणाले, "आठ हायत." मी म्हटलं, "हो, मला माहीत आहे."

मग पावसाळा आला. आमच्याकडे पाऊस धानाला लागतो तेवढा पडतो, म्हणजे भरपूर. एका सकाळी टेकचंदजींचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"मॅडम, तुमचं उणे दीड भरून गेलं."

मी गेले. अंगण काठोकाठ भरलं होतं. पाणी रस्त्याच्या पातळीला येऊन थांबलं होतं, म्हणजे मी जिथे शून्य धरलं होतं तिथे नेमकं. त्याच्या वरचं पाणी रस्त्यावरून उताराला वाहून जात होतं. खालच्या तीन पायऱ्या बुडाल्या होत्या. पाण्याच्या वर किती राहिल्या होत्या हे मला मोजायची गरज नव्हती, पण मी मोजल्या. पाच.

टेकचंदजी वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. पलीकडे भाऊलालजी आपल्या आठही कोरड्या पायऱ्यांवर उभे होते. एकेक पायरी सावकाश उतरत होते आणि पुन्हा चढत होते.

गंमत अशी की अख्ख्या फुलचूरला पाणी उपसायची मोटार मागायची तर ती भाऊलालजींकडे. थोरले मागेनात. शकुनबाई मधल्या दारातून गेल्या आणि दिराला घेऊन आल्या. भाऊलालजी मोटार खांद्यावर घेऊन आपल्या स्वयंपाकघरातून भावाच्या स्वयंपाकघरात आले. उंबरठा नव्हता, अडखळले नाहीत. पुढच्या दारात येऊन त्यांनी मोटार पाण्यात सोडली, पाइप फाटकावरून रस्त्यावर टाकला, बटण दाबलं. पाणी जोरात रस्त्यावर पडू लागलं. दोघं भाऊ एकाच पायरीवर उभे राहून ते पाहत होते. मला वाटलं, चला, एवढ्यासाठी का होईना.

तेवढ्यात रेखाबाईंनी पलीकडून हाक मारली. "अवो, पानी आपल्या फाटकात घुसून राहिलं!"

रस्त्याला उतार होता. रस्त्यावर टाकलेलं पाणी धाकट्यांच्या दारातच जाणार होतं. भाऊलालजींनी बटण बंद केलं.

"दादा, हे तं माह्याकडंच येते."

"मंग राहू दे," थोरले म्हणाले.

"राहू द्याचं?"

"राहू दे. पानीच हाय."

ते पाणी राहिलं. काळी माती, मुरायचं नाव नाही. आमच्या भागात शेतातल्या छोट्या तळ्याला बोडी म्हणतात. कॉलनीतले लोक त्या घराला बोडीवालं घर म्हणू लागले. डास होतील म्हणून आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला, त्यानं गप्पी मासे सोडले. मग टेकचंदजींनी आपल्या मनानं आणखी चार मासे आणून सोडले. कोणी कमळाचा कांदा दिला, तो लावला. फाटकापासून पायरीपर्यंत एक फळी टाकली होती, तिच्यावरून ते ये-जा करत. बाकी सगळे, शकुनबाई, पाहुणे, दूधवाला, धाकट्यांच्या दारानं शिरून दोन्ही स्वयंपाकघरांतून थोरल्यांकडे जात. टेकचंदजींनी मात्र लहान्याच्या दारातून पाऊल टाकलं नाही.

एक दिवस तांदळाची पिशवी घेऊन येताना फळी सरकली आणि ते पाण्यात पडले. मी तिथे नव्हते, रेखाबाईंनी मला ऑफिसात येऊन सांगितलं. थोरल्यांनी आरोळी ठोकली तसे भाऊलालजी "दादा बुडला, दादा बुडला" ओरडत धावले आणि मधल्या कंपाउंडवरून पाण्यात उडी मारली. पाणी दीड फूट. दोघंही त्यात बसले होते, छातीपर्यंत, तांदूळ सगळीकडे पसरलेला. मासे तांदूळ खायला गोळा झाले.

"उभे राहा ना दादा," भाऊलालजी म्हणाले.

"तू काऊन बसला?"

"तुमी बसले म्हनून."

रेखाबाई म्हणाल्या, नंतर दोघं तिथेच बसून लहानपणच्या त्या विहिरीचं बोलत होते. कोणी कोणाला ढकललं होतं हे अजून ठरलं नव्हतं. जेवायला हाक मारली तेव्हा धाकट्यांच्या दारातून दोघं ओल्या कपड्यांनी आत आले, आणि टेकचंदजी मधल्या दारातून आपल्या घरी गेले. दोन्ही स्वयंपाकघरांत चिखल झाला. रेखाबाई ते सांगताना वैतागल्या होत्या.

मी या धंद्यात पुष्कळ घरं उचलली. शेजाऱ्यापेक्षा चार इंच, रस्त्यापेक्षा दोन फूट, भावापेक्षा एक पायरी. रस्त्यावर नवा थर पडतो, जुनी घरं खाली जातात, लोक पुन्हा येतात, उचला म्हणतात. मी उचलते. तेच माझं काम आहे आणि ते मी चांगलं करते, पण त्यातली बरीचशी उंची कोणाच्या कामाची नव्हती, हे मनात राहतं. ते दार मी काढून टाकलं नाही, याचं मात्र बरं वाटतं.

यंदा उन्हाळा संपता संपता भाऊलालजी ऑफिसात आले. एकटेच. बाकड्याच्या मधोमध बसले.

"मॅडम, मधातलं कंपाउंड काढून टाकाचं म्हनतो. दोन्ही अंगनांची एकच बोडी. माह्या फाटकाशी पार घालतो, पानी अडवाले."

"दादांना विचारलं का?"

"त्यायनंच म्हनलं. कमळाले जागा कमी पडून राहिली."

मी फाइल उघडली. जुन्या लेयरची नावं अजून तशीच होती. मी जमिनीच्या लेयरवर गेले. "म्हणजे तुमचं अंगण आहे तसंच ठेवायचं, उणे दीड? दोन्हीकडे सारखं होईल. पाण्याच्या वर तुमच्या पाच, त्यांच्या पाच."

भाऊलालजींनी दाराकडे एकदा पाहिलं. मग बाकड्यावरून उठून खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"पानी दोघायचं, जी. पन माही बाजू दोन फूट करा."

"उणे दोन?"

"हो."

"मग तुमच्या पायऱ्या नऊ होतील, भाऊ."

"नववी पान्यात राहीन," ते हळूच म्हणाले. "कोनाले दिसते?"